डेव्हिड हिल्बर्ट आणि गॉटिंगेनचें विद्यापीठ

एखाद्या विद्यापीठाचें मोठेपण कशांत असतें, असा प्रश्न कोणी विचारला, तर पुष्कळ लोक त्याच्या भव्य इमारती, ग्रंथालयें व प्रयोगशाळा ह्यांच्याकडे बोट दाखवितील. ह्या गोष्टी विद्येला आवश्यक आहेत ह्यांत संशय नाहीं. परंतु त्या सर्व जागच्या जागीं असतांहि विद्या तेथून निघून जाऊं शकते, ह्याचें एक ठळक उदाहरण जर्मनींतील गॉटिंगेन ह्या लहानशा शहराच्या इतिहासांत आढळतें. त्या शहराचें वैभव ज्यांनीं वाढविलें, आणि तें लयास गेलेलें ज्यांना वृद्धपणीं आपल्याच डोळ्यांनीं पाहावें लागलें, अशा एका थोर गणितज्ञाचें चरित्र ह्या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे. त्यांचें नांव डेव्हिड हिल्बर्ट.

प्रथम त्या शहराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा जर्मनींतील हॅनोव्हर संस्थानचाहि अधिपति होता. त्याच्या आश्रयानें इ. स. १७३७ मध्यें गॉटिंगेनच्या विद्यापीठाचें उद्घाटन झालें. गणितज्ञांचा मुकुटमणि मानला जाणारा गौस १८०७ मध्यें तेथील वेधशाळेचा प्रमुख झाला व १८५५ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिला. १८३३ मध्यें गौस व वेबर ह्या दोघांनीं शहराच्या घरांवरून सुमारें एक किलोमीटर लांबीची तार नेऊन विजेच्या साहाय्यानें संदेश पाठविले. पुढें चारच वर्षांनीं, म्हणजे विद्यापीठास शंभर वर्षें पूर्ण झालीं त्याच सालीं, हॅनोव्हरच्या नव्या राजानें राज्यघटना रद्द केली. आणि ह्या कृत्याचा निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांस त्यानें बडतर्फ केलें. त्या सातांत वेबर होता, आणि लोककथांचे संग्राहक म्हणून जगप्रसिद्ध झालेले ग्रिम बंधुहि होते. विद्या आणि सत्ता ह्यांचा झगडा ह्या शहरानें असा पूर्वींहि एकदां पाहिला होता.

आपल्या महाराष्ट्रालाहि हें शहर अगदींच परकें नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकविणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध आवृत्ति सिद्ध करणारे डॉ. कीलहॉर्न हे पुढें गॉटिंगेन येथेंच प्राध्यापक झाले आणि १९०८ मध्यें त्यांचा अंत होईपर्यंत तेथेंच होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांस १८८५ सालीं सन्माननीय डॉक्टर ही पदवी देणारें विद्यापीठहि हेंच होय. हिल्बर्ट गॉटिंगेनला आले ते ह्याच काळांत.

हिल्बर्ट ह्यांचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजीं पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्ग शहराच्या परिसरांत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हें शहर रशियाकडे गेलें व त्याचें नांव कालिनिनग्राड असें झालें. त्यांचे वडील न्यायाधीश असून शिस्तीचे मोठे भोक्ते होते. आईला तत्त्वज्ञान व ज्योतिःशास्त्र ह्यांची आवड होती आणि मूळ संख्यांचें तिला विलक्षण कुतूहल वाटे. ज्या शाळेंत त्यांना प्रथम घातलें, तेथें घोकंपट्टीवर फार भर असे. पाठांतर हें हिल्बर्ट ह्यांचें बलस्थान नव्हतें. त्यामुळें त्या शाळेंत त्यांची बुद्धि विशेष चमकली नाहीं. शेवटच्या वर्षीं ते दुसऱ्या शाळेंत गेले व तेथें त्यांच्या गणिताच्या गतीची शिक्षकांस ओळख पटली. जो विषय मुळापासून समजला तो पाठ करावा लागत नाहीं, हा धडा त्यांनीं बाळपणींच घेतला व तो जन्मभर पाळला.

१८८० मध्यें ते कोनिग्सबर्गच्या विद्यापीठांत दाखल झाले. तेथें त्यांना दोन मित्र लाभले. पहिला हरमान मिंकोव्स्की. हा त्यांच्याहून दोन वर्षांनीं लहान. पण वयाच्या अठराव्या वर्षींच त्यानें पॅरिसच्या विज्ञान-अकादमीचें मोठें पारितोषिक मिळविलें होतें. दुसरा आडोल्फ हुर्विट्झ. हा १८८४ मध्यें तेथें अध्यापक होऊन आला, त्या वेळीं त्याचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. हे दोघेहि ज्यू कुळांतले होते. हे तिघे रोज सायंकाळीं पांच वाजतां एकत्र फिरावयास जात आणि चालतां चालतां गणिताच्या सर्व शाखांचा परामर्श घेत. वर्गांतील बांकावर जें मिळालें नसतें, तें आपणांस ह्या रपेटींत मिळालें, असें हिल्बर्ट पुढें कृतज्ञतेनें सांगत.

१८८५ मध्यें त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली आणि तीनच वर्षांत त्यांचें नांव सर्व युरोपांतील गणितज्ञांच्या तोंडीं झालें. बीजगणितांत अशा कांहीं राशि असतात कीं, मूळ पदावलींतील अक्षरांत विशिष्ट नियमानें फेरफार केला, तरी त्या पालटत नाहींत. वर्गसमीकरण सोडवितांना वर्गमुळाखालीं जी राशि येते, ती ह्या जातीचें अगदीं सोपें उदाहरण होय. अशा अगणित राशि कांहीं मोजक्या मूलभूत राशींपासून बनवितां येतात काय, असा प्रश्न होता. गॉर्डान ह्या गणितज्ञानें अत्यंत लांबलचक आकडेमोड करून त्यांतील एक सोपा भाग सोडविला होता. त्यापुढें वीस वर्षें कोणाचीच गति झाली नव्हती. हिल्बर्ट ह्यांनीं आकडेमोडीचा मार्गच सोडून दिला. अशा मूलभूत राशि नाहींत असें मानलें तर विसंगति उत्पन्न होते, हें दाखवून १८८८ मध्यें त्यांनीं संपूर्ण प्रश्न निकालांत काढला. राशि प्रत्यक्ष न दाखवितां त्यांचें अस्तित्व सिद्ध करणें ही रीत गॉर्डान ह्यांस प्रथम मान्य होईना. परंतु पुढें त्यांनींहि तिचें महत्त्व कबूल केलें.

त्या वेळीं गॉटिंगेन येथें फेलिक्स क्लाइन हे गणिताचे प्रमुख प्राध्यापक होते. स्वतःपेक्षां अधिक तेजस्वी माणसें आपल्या शेजारीं आणून बसविण्याचा दुर्मिळ गुण त्यांच्या अंगीं होता. त्यांनींच १८९५ मध्यें हिल्बर्ट ह्यांना गॉटिंगेनला आणलें. क्लाइन ह्यांची दृष्टि केवळ गणितापुरती नव्हती. कारखानदारांचें व सरकारचें साहाय्य मिळवून त्यांनीं शास्त्रांच्या संस्था एकामागून एक उभ्या केल्या. भूकंपशास्त्राची संस्था वीखर्ट ह्यांच्याकडे, वेधशाळा श्वार्ट्सशिल्ट ह्यांच्याकडे, आणि हवेच्या प्रवाहांचा अभ्यास प्रांट्ल ह्यांच्याकडे, अशी विषयवार व्यवस्था लागली. विमानविद्येचा शास्त्रीय पाया ज्या थोड्या ठिकाणीं घातला गेला, त्यांत प्रांट्ल ह्यांच्या संस्थेची गणना होते. क्लाइन ह्यांनीं संस्था बांधल्या आणि हिल्बर्ट ह्यांनीं त्यांत चैतन्य ओतलें, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

हिल्बर्ट ह्यांची काम करण्याची पद्धति त्यांच्या स्वभावासारखीच मोकळी होती. घरामागील बागेंत त्यांनीं एक लांबच लांब फळा टांगला होता व पावसांतहि काम चालावें म्हणून तेथें छप्पर घातलें होतें. फळ्यावर कांहीं लिहावें, येरझारा घालाव्या, सायकलवरून बागेंत एक फेरी मारावी, आणि पुन्हां फळ्याशीं यावें, असा त्यांचा क्रम असे. एका विषयांत कांहीं वर्षें स्वतःस पूर्णपणें बुडवून घ्यावयाचें आणि तो हस्तगत झाला कीं दुसरा धरावयाचा, हीहि त्यांची एक रीत होती. १८९७ मध्यें त्यांनीं संख्यांच्या शास्त्राचा एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. १८९९ मध्यें भूमितीच्या पायाविषयींचा त्यांचा ग्रंथ निघाला. यूक्लिडनें आपल्या सिद्धांतांत नकळत ज्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या, त्या त्यांनीं त्यांत उघड करून दाखविल्या. बिंदु, रेषा व पातळी ह्यांचीं चित्रें डोळ्यांपुढें न आणतांहि, केवळ त्यांच्यांतील संबंधांच्या नियमांवरून सर्व भूमिति उभारतां येते, असें त्या लहानशा पुस्तकानें सिद्ध केलें.

इ. स. १९०० च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें जगांतील गणितज्ञांची परिषद भरली. तेथें हिल्बर्ट ह्यांनीं आपल्या विजयांची कथा न सांगतां, जें अद्याप साधलें नाहीं त्याची यादी पुढें ठेवली. एकंदर २३ प्रश्न त्यांनीं तयार केले होते. वेळ अपुरा असल्यामुळें भाषणांत त्यांपैकीं दहाच मांडले. गणितांतील प्रत्येक नीट विचारलेल्या प्रश्नाचा निर्णय कधींना कधीं लागलाच पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांतील एक प्रश्न त्याच वर्षीं त्यांच्या एका शिष्यानें सोडविला. सातव्याचें उत्तर १९३४ मध्यें मिळालें. दहाव्याचा निर्णय १९७० मध्यें लागला. मूळ संख्यांच्या वांटणीशीं निगडित असा आठवा प्रश्न मात्र अजूनहि सुटलेला नाहीं.

१९०२ मध्यें बर्लिनच्या विद्यापीठानें त्यांना मोठ्या सन्मानाची जागा देऊं केली. हिल्बर्ट ह्यांनीं ती नाकारली. पण नाकारतांना आपल्या राहण्याचें मोल म्हणून मिंकोव्स्कीसाठीं गॉटिंगेन येथें एक नवें आसन सरकारकडून निर्माण करून घेतलें. दोघे मित्र पुन्हां एकत्र आले. अवकाश व काल हीं दोन भिन्न तत्त्वें नसून एकाच वस्तूचीं अंगें होत, ही मिंकोव्स्की ह्यांची प्रसिद्ध कल्पना ह्याच सहवासाच्या काळांतली. परंतु जानेवारी १९०९ मध्यें आंत्रपुच्छाच्या विकारानें मिंकोव्स्की ४४ व्या वर्षीं मृत्यु पावले. हा आघात हिल्बर्ट ह्यांच्या जीवास फार लागला.

ह्याच सुमारास व्होल्फ्स्केल नांवाच्या गणितप्रेमी गृहस्थाच्या मृत्युपत्रानुसार फर्माच्या एका प्रसिद्ध प्रश्नासाठीं एक लक्ष मार्कांचें पारितोषिक गॉटिंगेनच्या विद्वत्सभेकडे आलें. प्रश्न सुटेपर्यंत त्या रकमेचें व्याज बाहेरच्या पंडितांस व्याख्यानासाठीं बोलावण्याकडे खर्चीं पडूं लागलें. प्वांकारे, लोरेंट्स, बोर असे थोर पाहुणे ह्या निधीमुळें तेथें आले. १९१५ च्या उन्हाळ्यांत आइन्स्टाइन ह्यांनीं येथें सहा व्याख्यानें देऊन आपला अपूर्ण असलेला सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत समजावून सांगितला. हिल्बर्ट ह्यांनीं तत्काल तो प्रश्न हातीं घेतला, व त्याच नोव्हेंबरांत दोघेहि जवळजवळ एकाच वेळीं मुक्कामावर पोंचले. तरीहि ह्या सिद्धांताचें श्रेय हिल्बर्ट ह्यांनीं निःसंकोचपणें आइन्स्टाइन ह्यांनाच दिलें.

त्या वेळीं पहिलें महायुद्ध पेटलेलें होतें. १९१४ मध्यें जर्मनींतील ९३ नामांकित व्यक्तींनीं आपल्या सरकारच्या युद्धनीतीचें समर्थन करणारें एक जाहीर पत्रक काढलें. त्यांतील विधानें खरीं आहेत कीं नाहींत ह्याची खात्री नसल्यामुळें हिल्बर्ट ह्यांनीं त्यावर सही केली नाहीं. १९१७ मध्यें दार्बू हा फ्रेंच गणितज्ञ वारला, तेव्हां त्यांनीं त्याच्यावर गौरवपर मृत्युलेख प्रसिद्ध केला. शत्रुराष्ट्रांतील माणसाची अशी स्तुति पाहून कांहीं विद्यार्थी खवळले व त्यांच्या घरावर चालून गेले. पण त्यांनीं लेखांतला एक शब्दहि मागें घेतला नाहीं.

ह्याच काळांत एक लढा त्यांना आपल्याच विद्यापीठाशीं द्यावा लागला. एमी नोएटर ह्या विदुषीला १९०७ मध्यें एर्लांगेन येथें डॉक्टर पदवी मिळाली होती व त्यानंतर सात वर्षें तिनें तेथें विनावेतन काम केलें होतें. १९१५ मध्यें हिल्बर्ट व क्लाइन ह्यांनीं तिला गॉटिंगेनला बोलावून घेतलें. परंतु विद्यापीठांत स्वतंत्र व्याख्यानें देण्याचा अधिकार स्त्रीस देण्याचा नियम नव्हता. गणित सोडून इतर विषयांच्या कित्येक प्राध्यापकांनीं ह्यास कडाडून विरोध केला. रणांगणावरून परतलेल्या शिपायांनीं एका स्त्रीच्या पायाशीं बसून शिकावयाचें काय, असा त्यांचा आक्षेप होता. उमेदवार स्त्री आहे कीं पुरुष आहे, हा विचारच येथें गैरलागू आहे, असें हिल्बर्ट ह्यांनीं त्यांस रोखठोक बजावलें. तरीहि मत मिळेना. तेव्हां त्यांनीं एक युक्ति काढली. व्याख्यानें स्वतःच्या नांवानें जाहीर करावयाचीं, साहाय्यक म्हणून नोएटरबाईंचें नांव घालावयाचें, आणि प्रत्यक्षांत शिकवावयाचें त्यांनींच. चार वर्षें असें चाललें. अखेर १९१९ मध्यें त्यांना तो अधिकार मिळाला. निसर्गांतील समरूपता आणि ऊर्जेसारख्या अक्षय राशि ह्यांचा संबंध जोडणारा नोएटरबाईंचा सिद्धांत १९१८ मधला, म्हणजे त्यांना अधिकार नाकारला जात असतांनाचा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

युद्धानंतरचीं दहाबारा वर्षें हा गॉटिंगेनचा सुवर्णकाळ होय. क्लाइन ह्यांच्या पश्चात् संस्थेचा भार रिचर्ड कूरांट ह्यांनीं उचलला. माक्स बॉर्न व जेम्स फ्रांक हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक १९२१ मध्यें आले, आणि १९२५ मध्यें बॉर्न, हायझेनबर्ग व जॉर्डान ह्यांनीं येथेंच अणूच्या नव्या यामिकीची मांडणी केली. रशिया, जपान, अमेरिका, हंगेरी अशा दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी ह्या लहान शहरांत येऊं लागले. १९२५ च्या सुमारास हिल्बर्ट ह्यांना रक्तक्षयाचा असाध्य मानला जाणारा रोग जडला. परंतु यकृताचा आहार देण्याचा उपाय अमेरिकेंत नुकताच सांपडला होता. त्यामुळें त्यांचा जीव वांचला. १९२९ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील रॉकफेलर निधीच्या साहाय्यानें बांधलेली गणित-संस्थेची नवी वास्तु उघडली. १९३० मध्यें हिल्बर्ट निवृत्त झाले व त्यांच्या आसनावर त्यांचेच शिष्य हरमान व्हाइल आले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांच्या जन्मभूमीनें त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिलें. तेथील भाषणांत त्यांनीं मानवी बुद्धीस अज्ञेय असें कांहीं नाहीं, हा आपला विश्वास पुन्हां उच्चारिला. योगायोग असा कीं, त्याच्या आदल्याच दिवशीं त्याच शहरांत कुर्ट गोडेल ह्या तरुणानें एक नवा शोध जाहीर केला होता. ज्यांत अंकगणित मांडतां येतें अशा कोणत्याहि सुसंगत नियमसंचांत न सुटणारे प्रश्न राहणारच, असा त्याचा आशय होता. गणिताचा पाया सर्वस्वीं अभेद्य करण्याचा हिल्बर्ट ह्यांचा संकल्प त्यामुळें मूळ रूपांत सिद्धीस जाण्याजोगा राहिला नाहीं. परंतु तो संकल्प त्यांनीं इतक्या स्पष्टपणें मांडला होता, म्हणूनच गोडेल ह्यांना त्याची मर्यादा दाखवितां आली.

सिद्धांत बाधित झाला तर विद्येची हानि होत नाहीं. उलट ती पुढें जाते. खरा घाला पडला तो दुसऱ्याच दिशेनें. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा मुख्य प्रधान झाला. ७ एप्रिल रोजीं ज्यू कुळांतील व सरकारला अप्रिय असणाऱ्या माणसांस सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा निघाला. फ्रांक ह्यांनीं पहिल्या युद्धांत सैनिक म्हणून सेवा केली होती, म्हणून त्यांना तो कायदा लागू होत नव्हता; तरी त्यांनीं निषेधार्थ राजीनामा दिला. महिना संपण्यापूर्वींच कूरांट, बॉर्न व नोएटरबाई ह्यांस कामावरून दूर केल्याचे हुकूम आले. नोव्हेंबरांत संख्याशास्त्रज्ञ लांडाव हे वर्गावर गेले असतां विद्यार्थ्यांनींच दार अडवून त्यांच्या व्याख्यानावर बहिष्कार घातला. व्हाइल ह्यांची पत्नी ज्यू कुळांतील होती. तेहि अमेरिकेस निघून गेले. कूरांट ह्यांनीं न्यूयॉर्क येथें नवी संस्था उभारली. नोएटरबाई अमेरिकेंतील एका स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकवूं लागल्या व १९३५ मध्यें तेथेंच निवर्तल्या. बॉर्न प्रथम केंब्रिजला गेले, मग सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांच्या निमंत्रणावरून कांहीं महिने आपल्या देशांत बंगळूर येथें राहिले, आणि पुढें एडिंबरो येथें स्थिर झाले.

पूर्वीं सात प्राध्यापकांस एका राजानें घालविलें होतें, तेव्हां विद्यापीठ त्यांतून सांवरलें. ह्या वेळीं शास्त्राचा गाभाच निघून गेला. हिल्बर्ट तेव्हां ७१ वर्षांचे होते. स्वतः ते ज्यू नव्हते, त्यामुळें त्यांना कोणी हात लावला नाहीं. परंतु ज्यांच्याबरोबर ते फिरत, भांडत व विचार करीत, तीं माणसें एकामागून एक आगगाडींत बसून गेलीं. ज्यू लोकांच्या जाण्यानें तुमच्या गणित-संस्थेचें कांहीं बिघडलें काय, असें पुढें एका मेजवानींत शिक्षणमंत्र्यानें त्यांना विचारलें. तेव्हां ती संस्था आतां उरलीच नाहीं, असें त्यांनीं उत्तर दिल्याचें सांगतात. त्यांच्या हाताखालीं डॉक्टर झालेले पहिले शिष्य ओटो ब्लुमेन्टाल १९४४ मध्यें नाझींच्या बंदिवासांत मरण पावले. तें ऐकावयास मात्र हिल्बर्ट राहिले नव्हते. १४ फेब्रुवारी १९४३ रोजीं, ऐन युद्धांत, त्यांचें देहावसान झालें. ज्यांच्या व्याख्यानाला सभागृहें अपुरीं पडत, त्यांच्या अंत्यविधीस जेमतेम दहाबारा माणसें होतीं. बाकीचीं पृथ्वीच्या पाठीवर विखुरलीं होतीं आणि कित्येकांना ही वार्ता फार उशिरां कळली.

गॉटिंगेनची कथा येथें संपत नाहीं. युद्ध संपल्यावर वृद्ध माक्स प्लांक ह्यांनीं ह्याच शहरांत आश्रय घेतला, आणि त्यांच्या नांवाची शास्त्रसंशोधन-संस्था १९४८ मध्यें येथेंच स्थापन झाली. आज त्या संस्थेच्या अनेक शाखा ह्या शहरांत काम करीत आहेत आणि विद्यापीठहि चालू आहे. निर्वासित झालेले बॉर्न म्हातारपणीं जर्मनींत परतले. गॉटिंगेनच्या ज्या स्मशानभूमींत हिल्बर्ट व प्लांक चिरनिद्रा घेत आहेत, तेथेंच १९७० मध्यें त्यांनाहि विसांवा मिळाला. परंतु १९३३ पूर्वीं जगांतील गणिताची जी राजधानी तेथें होती, ती पुन्हां तेथें आली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, १९२९ मध्यें बांधलेली ती गणित-संस्थेची वास्तु अद्यापहि उभी आहे. १९३३ च्या उन्हाळ्यांत तिची एक वीटहि हलली नव्हती. ग्रंथालयांतलीं पुस्तकें होतीं तशींच होतीं. दारांतून आंत कोणास येऊं द्यावयाचें, एवढाच काय तो नियम बदलला होता. कोणाचें कूळ, देश किंवा स्त्रीपुरुषभेद न पाहतां केवळ बुद्धि व परिश्रम पाहणारे हिल्बर्ट जोंपर्यंत त्या दारांत उभे होते, तोंपर्यंत एका लहान गांवांत सर्व जग विद्येसाठीं येत होतें. आपल्या वर्गांत शेजारीं कोण बसतो, ह्याचा विचार मनांत येईल तेव्हां ह्या चरित्राची आठवण व्हावी, इतकीच इच्छा आहे.